माझ्या एकटीच्या नावाची रायफल

३ मार्च

"दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल आणू की तुला." — राजीव. ताटातून मान वर न करता.

मी एवढंच म्हटलं होतं, की मला एअर रायफल घ्यायची आहे. हवेवर चालणारी, छऱ्यांची. रीतसर परवाना काढून. आमटी वाढता वाढता सांगितलं, ही माझी चूक. या घरात वाढता वाढता सांगितलेलं सगळं मिठासारखं असतं — कमी पडलं तरच लक्षात येतं.

आर्याने फोनमधून डोकं काढून जपानीत विचारलं, कशाला? मी मराठीत उत्तर जुळवेपर्यंत ती परत फोनमध्ये. पंधरा वर्षांची आहे, तिच्याकडे मराठी उत्तराइतका वेळ नसतो.

पण 'कशाला' हे निदान तिने विचारलं. नवऱ्याने तेवढंही नाही!

४ मार्च

कशाला, ते इथे लिहिते.

कोल्हापूरला शाळेत असताना आम्ही सहा मुली एअर रायफल चालवायचो. रायफल क्लबची, सगळ्यांत मिळून एक. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट हळूच मागे. त्या थांबण्यात जे असायचं ते मला पुढे कुठेच मिळालं नाही. लग्नात नाही, आर्या झाली तेव्हा नाही (तेव्हा वेगळं होतं, ते मोठं होतं, पण शांत नव्हतं). दहावी आली, बाबा म्हणाले आता पुरे, आणि पुरे झालं. भांडले नाही. तेव्हा भांडता येतं हेच माहीत नव्हतं.

आणि दुसरं कारण इशिगे-सान. याचिमाताला त्यांचं शेत आहे — भुईमूग, गाजर, कोबी. मी आठवड्यातून तीन दिवस तिथे बाइतोला, म्हणजे तासांवरच्या कामाला, जाते. फुनाबोरीच्या आमच्या घरापासून दोनदा गाड्या बदलून. मैत्रीण वृंदा म्हणते, एवढं शिकून शेंगा निवडायला जातेस? जाते. इशिगे-सान पंचाहत्तरीच्या. त्यांचे यजमान हिवाळ्यात पाखरं मारायचे. ते गेल्यापासून हियोदोरींनी उच्छाद मांडलाय — साळुंकीएवढा करडा पक्षी, आवाज भसाडा, कोबीवर थवा उतरला की पानांच्या फक्त शिरा उरतात. गावातले शिकारी सगळे म्हातारे, गुडघे गेलेले. मागच्या आठवड्यात शेंगा निवडताना मी सहज बोलले, की मी शाळेत नेमबाजी करायचे. त्या म्हणाल्या, "मग परवाना कधी काढतेस, नेत्रा-सान?"

का, नाही विचारलं. कधी, विचारलं!

मी घरातला कोळीसुद्धा कागदावर घेऊन गॅलरीत सोडते. पक्षी मारता येईल का मला, ठाऊक नाही. पण तो प्रश्न माझा आहे. दुसऱ्या कोणी तो हसण्यावारी नेलेला मला चालणार नाही.

२० एप्रिल

परवान्याचा कोर्स झाला. परीक्षा पास! वर्गात मी एकटी बाई, एकटी परदेशी. शिकवणारे गृहस्थ एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते — परवाना नुसत्या माणसाला नसतो. तो या माणसाला, या एकाच बंदुकीसाठी असतो. तुमच्या बंदुकीला घरातल्या कोणीही हात लावला, तर तो गुन्हा. नवरा असो, मुलगा असो.

शेजारच्या आजोबांनी हळूच विचारलं, तुमच्या देशात वाघ मारतात ना? म्हटलं, नाही, आमच्या घरात कोळीपण मारत नाहीत. ते हसले नाहीत. नोंद घेतल्यासारखी मान हलवली.

घरी आले तर राजीव — "अरे वा, म्हणजे आता मला जपून राहायला पाहिजे." ऑफिसमध्येही हाच विनोद सांगून झालाय म्हणे. सगळे हसले म्हणे.

२९ एप्रिल

अजून राग उतरलेला नाही.

आज सुट्टी, म्हणून राजीव बंदुकीच्या दुकानात बरोबर आला. मी नको म्हणत होते. दुकानदार कुमे-सान, साठीचे, गळ्यात चष्मा. मी प्रश्न विचारायचा, त्यांनी उत्तर राजीवला द्यायचं! राजीवचं जपानी म्हणजे हाय, हाय (हो, हो) आणि मधेच एक सोदेस्का (असं होय). इतकी वर्षं जपानी मी शिकले, परीक्षा मी दिल्या, आर्याच्या शाळेच्या चिठ्ठ्या मी वाचल्या. आणि कुमे-सान सगळं समजावून सांगताहेत राजीवला, तो मान डोलावतोय, आणि बाहेर पडल्यावर मला विचारतोय, काय म्हणाला गं?

काय म्हणाला, ते असं. तीन जाती. एक स्प्रिंगची — नळी मोडून दट्ट्या ताणायचा. स्वस्त, पण झाडताना दचकते, नेम हलतो. दुसरी, आधीच हवा भरून ठेवायची — टाकी किंवा मोठा पंप लागतो, एकदा भरली की भराभर कितीतरी गोळ्या, ताकद भरपूर, वजनही भरपूर. तिसरी, हाताच्या पंपाची — प्रत्येक गोळीआधी नळीखालचा दांडा पुन्हा पुन्हा ओढून हवा भरायची. हळू, हलकी.

"ओकुसानना तिसरी जमणार नाही," — कुमे-सान, राजीवला. ओकुसान म्हणजे कुणाची तरी बायको, म्हणजे मी. "बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो. त्यांना नेमबाजी शिकणाऱ्या मुलांची एखादी हलकी दाखवतो."

आणि राजीव म्हणाला, हाय!

१ मे

राजीवची एक्सेल आली. न मागता. आडवे रकाने रायफलींचे, उभे गुणांचे — ताकद, पल्ला, वजन, किंमत, रीसेल व्हॅल्यू. प्रत्येकाला टक्केवारी. सगळ्यात वर हिरव्या रंगात एक अजस्र काळी, सर्वांत जाड छऱ्याची. "ही घे. व्हॅल्यू फॉर मनी."

मला काय मारायचंय, किती लांबून, माझा हात केवढा — यातलं काहीच त्यात नाही. वॉशिंग मशीन, आर्याचा क्लास, हे फुनाबोरीचं घर, सगळं असंच हिरव्या रंगात आलेलं. वाईट काहीच निघालं नाही. तेच तर! वाईट निघालं असतं तर काही बोलता तरी आलं असतं.

१७ मे

एकटी गेले दुकानात.

कुमे-सानना म्हटलं, आज यजमान नाहीत, आज माझ्याशीच बोलावं लागेल. ते थोडे ओशाळले. मग रायफली काढल्या, एकेक, शेल्फावरून काउंटरवर, कापडावर. त्यांच्या नजरेसमोर खांद्याला लावून बघायची. झाडायची मात्र नाही. म्हणजे कांदेपोहेच! एकदा बघायचं, थोडं बोलायचं, आणि जन्माची गाठ. फरक एवढाच, इथे पोहे मी करत नव्हते.

राजीवची हिरवी काळी उचलली. खांद्याला लावल्यावर मान कुठेतरी बाहेरच राहिली. मुलांची लावली, कोपर पोटात घुसलं. मग मीच मागितली तिसरी, पंपाची. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. गाल टेकला आणि डोळा आपोआप रेषेत. मला वाकावं लागलं नाही. मान मोडावी लागली नाही. तीस वर्षांनी...

"पंप करून बघू?" म्हटलं.

पहिले दोन-तीन सोपे. मग दांडा जड, जड. शेवटचे दोन मी दातओठ खाऊन मारले. कुमे-सान घड्याळ बघत होते. मीच म्हणाले, आमच्याकडे रोज पोळ्यांची कणीक मळतात, आणि मी तीन दिवस कोबीचे क्रेट उचलते. ते म्हणाले, "पण एवढा वेळ लागला तर पक्षी उडून जाईल."

जाईल तर जाईल. मला नेमकं तेच हवंय, हे त्यांना जपानीत सांगता आलं नाही. मराठीतही कोणाला सांगता येणार नाही. दोन गोळ्यांच्या मधे मला थांबावं लागलं पाहिजे. हाताने हवा भरताना कळलं पाहिजे, की आपण काय करणार आहोत.

छरा कुठला, तेवढं उरलं. साडेचार मिलिमीटरचा की साडेपाचचा. निशाण्याच्या कागदाला बारीक बरा, पक्ष्याला जाड. मी साडेपाचचा घेतला. बारीकवाला लागून पक्षी उडून जातो आणि कुठेतरी झुडपात दोन दिवस मरत राहतो, असं कुमे-सान म्हणाले. कागदाला काय, कसलंही भोक चालतं.

नळीवरचा नंबर त्यांनी अर्जावर लिहून दिला. ठरलं.

१८ मे

"अगं पण ती यादीत सातवी होती." — राजीव. दुखावलेला!

१४ जून

डॉक्टरांचा दाखला. मनाच्या डॉक्टरांचा लागतो. झोप लागते का? लागते. आवाज ऐकू येतात का? नाही. संपलं. बाहेर पडून वाटलं, हा माणूस आणखी पाच मिनिटं बसला असता तर मी त्याला बरंच काही सांगितलं असतं. पण मग दाखला मिळाला नसता.

२८ जून

पोलीस ठाण्यातली मुलाखत. नेगिशी-सान, चाळिशीचे असतील, माझ्याच वयाचे, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. दारू? नाही. कर्ज? नाही. नवऱ्याशी भांडण होतं का?

होतं, म्हटलं.

पेन थांबलं. कशावरून?

कचऱ्यावरून. तो प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढत नाही.

त्यांनी ते लिहून घेतलं. झाकणं! सरकारदरबारी नोंद झाली. पण माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही, यजमान काय म्हणतात, असं विचारलं नाही. म्हणाले, त्यांना वेगळं विचारू.

६ जुलै

पोलिसांची विचारपूस सुरू. खालच्या मजल्यावरच्या ओयामा-सानना विचारून गेले. त्या आता लिफ्टपाशी आधीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करतात आणि पुढची लिफ्ट घेतात.

ओळखीची व्यक्ती म्हणून मी वृंदाचं नाव दिलं होतं. दहा वर्षांची मैत्रीण. पोलिसांना तिने चांगलंच सांगितलं असणार. पण नंतर निशि-कासाईच्या नदीकाठी मराठी मंडळाची सहल होती, तिथे बाकी सगळ्यांनाही सांगितलं! एकेक जण बाजूला घेऊन विचारतंय — घरी सगळं ठीक ना गं? योगाला का येत नाहीस? रविवारचा जपानी पाककृतींचा वर्ग आहे, मन रमेल. एक काकू तर म्हणाल्या, राजीव किती शांत आहे बिचारा.

बिचारा! कुणाच्या नवऱ्याने ड्रोन घेतला, कुणी पाण्याखाली जायचा पोशाख घेतला, तेव्हा कुणाच्या घरी सगळं ठीक नव्हतं? बाईला काही हवं झालं, म्हणजे तिला काहीतरी झालेलंच असलं पाहिजे का?

वृंदाला फोनवर तेवढं बोलले. ती म्हणाली, "काळजी वाटते म्हणून विचारतो गं, तू अशी उखडतेस म्हणूनच तर."

१२ जुलै

राजीवची मुलाखत झाली. खूश होऊन घरी आला. "मी सांगितलं, माझी बायको कधी रागावतच नाही."

हा इतकी वर्षं कोणाबरोबर राहतोय?

२ ऑगस्ट

शिकारीच्या परवान्याचीही परीक्षा पास. पक्ष्यांची चित्रं दाखवतात, मारायचा की नाही ते झटकन सांगायचं. सगळे बरोबर आले. बाहेर एका चिमणीने पायाशी येऊन भाकरीचा — पावाचा — तुकडा नेला. तिच्याकडे बघवेना.

२३ ऑगस्ट

आला परवाना!

छोटी निळसर वही. माझा फोटो, माझं नाव, बंदुकीचा नंबर. बाकी कोणाचंच काही नाही. बँकेचं खातं जोडीचं. घराच्या करारावर तो. माझ्या फोनचा पासवर्ड आर्याला माहीत. मंगळसूत्र माझं म्हणावं, तर ते त्याचं म्हणून माझं. या जगात कायद्याने एकट्या माझी अशी ही पहिली वस्तू. दुसऱ्या कोणी हात लावला तर गुन्हा!

हे मी राजीवला वाचून दाखवलं. जरा जास्तच मजेत दाखवलं. तो म्हणाला, "बरं बाई." कान लाल झाले होते.

१३ सप्टेंबर

रायफल घरी. कपाटाच्या आत लोखंडी लॉकर, राजीवने बसवून दिला. दोन तास घाम गाळला, खरं ते लिहायला हवं. चार बोल्ट, प्रत्येक हलवून बघितला. मग लॉकर बंद करून किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तोंड फिरवून उभा राहिला, मी ती कुठे ठेवते ते दिसू नये म्हणून.

नेगिशी-सान बजावून गेलेत — किल्ली नेहमी अंगावर, नाहीतर घरच्यांनाही माहीत नसलेल्या जागी. शेतावर चिखलात अंगावर कुठे ठेवणार? खूप विचार करून देवघरात ठेवली, अन्नपूर्णेच्या चौरंगाखाली. आईपण तिजोरीची तिथेच ठेवायची. रोजची पूजा मीच करते. तिथे दुसऱ्या कोणाचा हात जात नाही.

२१ सप्टेंबर

रेंजवर गेले. पहिल्यांदाच झाडली.

आजूबाजूला सगळे काका लोक. पंप, पंप, पंप, छरा, गाल, श्वास अर्धा. आणि तिथेच होतं ते! इतकी वर्षं तिथेच थांबलेलं. निम्मे छरे बाहेर गेले. काही बिघडत नाही. घरी येताना गाडीत डोळे भरून आले. समोरच्या बाईने टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

इशिगे-सानना फोन केला. पंधरा नोव्हेंबरला मोसम उघडतो. त्या म्हणाल्या, कोबी लावून झालाय, वाट बघतोय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

शेतावरून आले. भुईमूग काढायचे दिवस, कंबर मोडलेली, नखांत माती. दार उघडलं तर उदबत्तीचा वास.

राजीवचं आज घरूनच काम होतं. हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर त्याचा लॅपटॉप, आर्याचं व्हायोलिन, माझा शेतातला विळा, स्वयंपाकघरातली सुरी. आणि मधोमध माझी रायफल! झेंडूची माळ घातलेली. दस्त्यावर हळद-कुंकवाची पाचही बोटं.

"सरप्राइज!" म्हणाला.

नवमीला देव उजळायचे, म्हणून त्याने सगळं देवघर खाली काढलं होतं. चौरंग उचलला, किल्ली सापडली. त्याला वाटलं, किती छान योग. पूजेचा फोटो काढून त्याने स्टेटसलाही टाकला होता — 'आमच्या मॅडमचं शस्त्र.' खाली हात जोडलेल्यांची रांग. वृंदाने लिहिलं होतं, जय भवानी.

आधी रायफल उचलून लॉकरमध्ये ठेवली. मग किल्ली मुठीत धरून न्हाणीघरात बसले. नळ सोडून.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं नाही. श्रीखंड डब्यातच.

काल फोटो तासाभरात काढून टाकला त्याने. पण त्याला अजून कळलेलंच नाही की झालं काय! "पूजाच केली ना, चोरी नाही केली. आमच्याकडे बाबा स्कूटरचीसुद्धा करायचे. तुझ्या वस्तूला मी मान दिला, तर तू—"

म्हटलं, मला विचारलं का नाहीस?

"विचारून काय सरप्राइज असतं?"

हेच! हेच ते. वाईट हेतूने केलं असतं तर मी त्याला शब्दांनी सोलून काढलं असतं. त्याने केली पूजा. मार्चपासून ज्या गोष्टीवर हसत होता, तिच्यापुढे बसून फुलं वाहिली. आणि त्याच हातांनी, जी एकच वस्तू फक्त माझी होती, ती आमची करून टाकली. यावर रागवायचं तरी कसं? आणि न रागावून राहायचं तरी कसं?

शिवाय किल्ली मी ठेवली होती देवघरात. नवमी येणार हे कॅलेंडरवर होतं.

५ ऑक्टोबर

दस्त्याच्या कोरीव रेघांत हळद बसलीय. मऊ ब्रश, तेल, कापूस. पिवळं जात नाही.

७ ऑक्टोबर

राजीवला म्हटलं, ठाण्यात जाऊन सांगायला हवं. सही करून घेतलीय माझी, असं काही घडलं तर सांगेन म्हणून.

त्याचा चेहरा पांढरा पडला. आमचा इथे कायम राहण्याचा अर्ज वसंतापासून पडून आहे. घर घ्यायचं, आर्याचं कॉलेज, नोकरी बदलायची, सगळं त्या अर्जावर टांगलेलं. तो म्हणाला, परवाना नसताना हातात बंदूक — माझ्या नावावर गुन्हा लागला, तर अर्ज संपला. तुझा परवानाही जाईल तो वेगळाच. कशासाठी? कोणी तक्रार केलेली नाही. फोटोत फक्त बंदूक आहे, मी नाही. कोणी विचारलंच, तर तूच बाहेर काढली म्हण. तुझ्या बंदुकीची तू पूजा केलीस, त्यात काय गुन्हा?

शेवटी म्हणाला, "एवढंसं तर आहे, नेत्रा."

एवढंसं! याच्यासाठी मी खोटं बोलायचं, आणि उपकार माझ्यावर, कारण माझा परवाना वाचतो!

८ ऑक्टोबर

आर्याला विचारलं, तू त्या दिवशी घरी होतीस ना? ती म्हणाली, "बेत्सु नि." म्हणजे, विशेष काही नाही. मग दारातून वळून चक्क मराठीत — "आई, बाबा बंदुकीला नमस्कार करताना रडत होते थोडेसे. तुला सांगू नको म्हणाले."

हे कुठे ठेवू आता मी?

१२ ऑक्टोबर

रेंजवर गेले नाही. लॉकर उघडला, बघितलं, बंद केला.

नेगिशी-सान पुढच्या तपासणीला विचारतील, काही बदल? आणि मी म्हणणार, काही नाही. दर वर्षी म्हणणार. त्या परवान्यात नवऱ्याचं नाव नव्हतं, म्हणून तर तो मला इतका आवडला होता. आता त्यात आम्हा दोघांचं एक खोटं राहायला येणार. मग बाकीच्या संसारात आणि या लॉकरमध्ये फरक काय राहिला?

आणि सांगितलं तर? रायफल जाईल. त्याचा अर्ज जाईल. इशिगे-सानचा कोबी जाईल. मला हवं होतं म्हणून सगळ्यांचं जाईल. काकू म्हणतील, राजीव किती शांत होता बिचारा.

१५ ऑक्टोबर

आज शेतावर इशिगे-सानना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या तरी म्हणतील, जा, खरं सांग. तर म्हणाल्या, गप्प बस, पक्ष्यांना काय कळतंय! त्यांचे यजमान बंदूक जिन्याखाली ठेवायचे म्हणे. सल्ला विचारायला जावं, तर ज्याला त्याला स्वतःचा कोबी.

मग दुपारी हियोदोरी आले. पंधरा-वीस. मी बांधावर उभी होते, हातात काही नव्हतं. एकाकडे बघत नकळत श्वास अर्धा सोडला आणि थांबले. त्याच्या छातीवरची पिसं वाऱ्याने हलत होती. कदाचित मी झाडली असती. कदाचित नसती. ते ठरवणं मला हवं होतं. तेवढंच हवं होतं.

२० ऑक्टोबर

राजीव आठवडाभर तोंड शिवल्यासारखा. आज सोमवारी अर्धी रजा टाकून कुठेतरी जाऊन आला. कुठे, विचारलं तर म्हणाला, ऑफिसचं. जेवताना पाणी मागितलं तेवढंच. म्हणजे अपराधी मी! त्याच्या वाटेत उभी राहिले म्हणून अबोला माझ्याशी! बाटल्यांची झाकणं मात्र काढून ठेवली होती. त्याचाही रागच आला.

२३ ऑक्टोबर

ठरवलं. उद्या जाते. त्याला सांगणार नाही. त्याने तरी मला कुठे विचारलं होतं?

२४ ऑक्टोबर

गेले. नेगिशी-सानना सगळं सांगितलं — नवमी, पूजा, किल्ली देवघरात, कोणाच्याही हाताला लागेल अशी. चूक माझी, म्हटलं. नवऱ्याला नियम नीट ठाऊक नव्हते.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"तुमचे यजमान सोमवारी येऊन गेले," ते म्हणाले. "किल्ली तुम्ही अंगावरच ठेवता, ती तुम्ही आंघोळीला गेलेल्या असताना त्यांनी चोरली, तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, असं सही करून सांगितलंय त्यांनी. तुमचा परवाना राहू द्या, म्हणत होते." समोरच्या फायलीवर बोट ठेवलं. "त्यांचं ऐकून मी तसंच वर पाठवणार होतो, ओकुसान. आज दुपारी."